रूबीतील क्लास वेगवेगळ्या फाइलींत मांडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडजवळच्या तुमच्या आंबा पॅकिंगच्या शेडमध्ये हिशोब ठेवण्यासाठी तुम्ही रूबी या प्रोग्रॅमिंग भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला. बागायतदार, पेटी, वाशीच्या बाजारातून येणारी पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद), तिच्यातून वजा होणारी हमाली आणि वाहतूक हे सगळे क्लास एकाच फाइलमध्ये होते आणि तो व्यवस्थित चालत होता. फाइल फार लांबल्यामुळे तुम्ही प्रत्येक क्लास स्वतंत्र फाइलमध्ये हलवला. तेव्हापासून तो कधी चालतो, कधी ‘अनइनिशियलाइज्ड कॉन्स्टंट’ अशी एरर देऊन थांबतो. शिवाय विंडोजच्या लॅपटॉपवर चालणारी तीच प्रत लिनक्स सर्व्हरवर टाकली की फाइलच सापडत नाही असे सांगते. प्रत्येक क्लासला वेगळी फाइल हवीच का, दुसरी फाइल मागवायला ‘रिक्वायर’ वापरावे की ‘रिक्वायर_रिलेटिव्ह’, आणि एकमेकांवर अवलंबून असणाऱ्या दोन क्लासांचे काय करावे, हे तुम्ही विचारले आहे.

आधी लिपीबद्दल एक सूचना. या उत्तरात क्लासांची आणि फाइलींची नावे मी देवनागरीत लिहीत आहे, पण तुम्ही ती आत्तासारखीच रोमन लिपीत टाइप करा. रूबीत व्हेरिएबलचे किंवा मेथडचे नाव देवनागरीत चालते. क्लासचे मात्र चालत नाही, कारण क्लासचे नाव हा कॉन्स्टंट (एकदा ठरले की न बदलायचे नाव) असतो, कॉन्स्टंटची सुरुवात कॅपिटल अक्षराने व्हावी लागते, आणि देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही.

आता मुद्द्याकडे वळतो. तुमच्या तिन्ही शंकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. कोणता क्लास कोणत्या फाइलमध्ये आहे याच्याशी रूबीला काही देणेघेणे नाही. जावामध्ये पब्लिक क्लासचे नाव आणि फाइलचे नाव एकच असावे लागते. रूबीत असा कोणताही नियम नाही. रूबीसाठी फाइल म्हणजे वरून खाली क्रमाने चालवायच्या ओळी, आणि ‘क्लास पट्टी’ ही त्यांपैकीच एक चालवली जाणारी ओळ. ती ओळ चालली की पट्टी हे नाव अस्तित्वात येते, त्यापूर्वी ते नसते. म्हणून फाइली पाडताना ‘हा क्लास कुठे ठेवू’ या प्रश्नाच्या आधी ‘हे नाव नेमके केव्हा लागते’ हा प्रश्न सोडवावा लागतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणसांच्या सोयीसाठी असते. दुसऱ्याचे उत्तर चुकले की प्रोग्रॅम थांबतो.

नाव लागण्याच्या वेळा दोन आहेत. काही नावे फाइल लोड होत असतानाच लागतात: ज्या क्लासपासून वारसा घ्यायचा तो मूळ क्लास, ‘इन्क्लूड’ करायचे मॉड्यूल (क्लास आणि मेथड एका नावाखाली ठेवणारे वेष्टन), आणि क्लासच्या अंगात थेट लिहिलेल्या कॉन्स्टंटची किंमत काढताना लागणारे दुसरे क्लास. उलट, मेथडच्या आत लिहिलेली नावे ती मेथड प्रत्यक्ष चालते तेव्हाच शोधली जातात. तुमच्या प्रोग्रॅममध्ये हमाली हा क्लास वजावट या क्लासपासून बनलेला आहे, म्हणजे हमालीची फाइल चालू होण्यापूर्वी वजावट तयार असलाच पाहिजे. पण पट्टीच्या ‘निव्वळ_रक्कम’ या मेथडमध्ये हमालीचे नाव येत असेल, तर पट्टीची फाइल हमालीच्या आधी लोड झाली तरी काही बिघडत नाही. ती मेथड चालेपर्यंत हमाली आलेला असला म्हणजे झाले. एकाच फाइलमध्ये सगळे असताना हा फरक तुमच्या लक्षात आला नाही, कारण वरून खाली लिहिताना मूळ क्लास आपोआप आधी लिहिला जात होता.

‘कधी चालतो, कधी चालत नाही’ याचा उलगडाही इथेच होतो. तुम्ही पाठवलेल्या दोन फाइली पाहा. पट्टीच्या फाइलची पहिली ओळ बागायतदाराची फाइल मागते आणि बागायतदाराच्या फाइलची पहिली ओळ पट्टीची फाइल मागते. बागायतदार या क्लासच्या अंगात ‘रिकामी_पट्टी’ नावाचा कॉन्स्टंट आहे आणि त्याची किंमत म्हणून तिथेच पट्टीचा एक नवा ऑब्जेक्ट तयार केला आहे. आता मुख्य स्क्रिप्टने आधी पट्टी मागितली असे धरा. रूबी पट्टीची फाइल उघडते, पहिल्याच ओळीवर बागायतदाराच्या फाइलकडे जाते, तिथली पहिली ओळ पुन्हा पट्टी मागते. पट्टीची फाइल लोड होत आहे हे रूबीला ठाऊक असते, म्हणून ती ओळ नुसते ‘फॉल्स’ परत करते आणि रूबी बागायतदाराच्या क्लासकडे वळते. तिथे पट्टीचा ऑब्जेक्ट लागतो, पण ‘क्लास पट्टी’ ही ओळ अजून चाललेलीच नाही, आणि एरर येते. मुख्य स्क्रिप्टने आधी बागायतदार मागितला तर मात्र पट्टीची फाइल पूर्ण होऊनच रूबी बागायतदाराच्या क्लासकडे परतते आणि सगळे सुरळीत चालते. तुमची रोजची स्क्रिप्ट बागायतदारापासून सुरू होते आणि महिनाअखेरची पट्टीपासून; म्हणून एक चालते आणि दुसरी अडते. रूबी ‘-डब्ल्यू’ या पर्यायाने चालवलीत तर अशा चक्राची सूचना ती स्वतःच देते, आणि फाइली पाडताना हा पर्याय कायम चालू ठेवावा असा माझा आग्रह आहे.

हे चक्र सोडवण्यासाठी ओळींची अदलाबदल करू नका. क्रम बदलून आज सुटलेले चक्र पुढची फाइल आली की पुन्हा अडते. लोड होतानाची गरजच काढून टाका. ‘रिकामी_पट्टी’ हा कॉन्स्टंट न ठेवता त्याच नावाची मेथड करा. मग पट्टी हे नाव ती मेथड बोलावल्यावरच शोधले जाईल. आणि याहून महत्त्वाचे असे की पट्टीच्या फाइलला बागायतदाराची फाइल मागण्याची गरज मुळातच नव्हती. पट्टी छापताना बागायतदाराचे नाव आणि गाव लागते, पण बागायतदाराचा ऑब्जेक्ट पट्टीला बाहेरून दिला जातो. पट्टीच्या कोडमध्ये ‘बागायतदार’ हे क्लासचे नाव एकदाही येत नाही. रूबीत हाती दिलेल्या ऑब्जेक्टवर मेथड बोलावण्यासाठी त्याचा क्लास कोणता हे सांगावे लागत नाही. दुसऱ्या भाषांतून आलेले लोक सवयीने प्रत्येक संबंधित क्लास फाइलच्या माथ्यावर मागतात, आणि बहुतेक चक्रे अशा नको असलेल्या मागण्यांतूनच तयार होतात. प्रत्येक फाइलमध्ये एक शोध घ्या: ज्या क्लासची फाइल वर मागितली आहे त्याचे नाव खाली कुठे आले आहे का? आले नसेल तर ती ओळ काढून टाका.

आता ‘रिक्वायर’ आणि ‘रिक्वायर_रिलेटिव्ह’. ‘रिक्वायर’ दिलेले नाव लोड पाथ या फोल्डरांच्या यादीत शोधते, तर ‘रिक्वायर_रिलेटिव्ह’ ज्या फाइलमध्ये ती ओळ लिहिली आहे त्या फाइलच्या जागेपासून शोधते. दोन्ही एकदा लोड केलेली फाइल पुन्हा चालवत नाहीत. पहिल्या वेळी ‘ट्रू’ आणि नंतर ‘फॉल्स’ मिळते. जुन्या रूबीत चालू फोल्डर लोड पाथमध्ये असे, पण २०१० साली आलेल्या १.९.२ या आवृत्तीने सुरक्षेसाठी ते काढून टाकले. म्हणून जुन्या लेखांतले ‘रिक्वायर "पट्टी"’ आज तसेच्या तसे चालत नाही. तुमच्या स्वतःच्या फाइलींसाठी ‘रिक्वायर_रिलेटिव्ह’ आणि रूबीसोबत येणाऱ्या किंवा जेम (वेगळे बसवायचे रूबीचे पॅकेज) म्हणून बसवलेल्या लायब्ररींसाठी ‘रिक्वायर’, एवढे धोरण तुम्हाला पुरेल. ‘लोड’ ही तिसरी सोय दर वेळी फाइल नव्याने चालवते. आयआरबीमध्ये (टाइप केलेली ओळ लगेच चालवून दाखवणाऱ्या रूबीच्या खिडकीत) प्रयोग करताना बदललेली फाइल पुन्हा घ्यायला ती उपयोगी पडते, पण प्रोग्रॅममध्ये तिला जागा देऊ नका.

सर्व्हरवर फाइल न सापडण्याचे कारण वेगळे आणि साधे आहे. तुम्ही फाइलींची नावे क्लाससारखी कॅपिटल अक्षराने ठेवली आहेत आणि मागताना लहान अक्षरांत मागितली आहेत. विंडोज असा फरक मानत नाही, लिनक्स मानतो. सगळ्या फाइलींची नावे लहान लिपीत, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून ठेवा. मात्र विंडोजवर नुसते नाव बदललेत तर गिटला (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला) तो बदल बहुतेक वेळा दिसतच नाही आणि सर्व्हरवर जुनेच नाव जाते; त्यासाठी ‘गिट एमव्ही’ वापरून नाव बदला.

यापुढचा भाग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो: सगळे क्लास एका मॉड्यूलच्या आत ठेवा. रूबीत क्लासचे नाव सगळीकडे दिसते. फाइल वेगळी केल्याने नाव वेगळे होत नाही. उद्या तुम्ही लाकडी पेटीसाठी एक आणि पुठ्ठ्याच्या खोक्यासाठी दुसरी अशा दोन फाइली केल्यात आणि दोन्हींत चुकून ‘क्लास पेटी’ लिहिलेत, तर रूबी तक्रार करणार नाही. ती दुसऱ्या वेळी पहिलाच क्लास पुन्हा उघडेल आणि समान नावाच्या मेथड बदलून टाकेल. चार डझनाच्या पेटीचा हिशोब खोक्याच्या मेथडने होईल आणि चूक रकमेत दिसेपर्यंत कळणार नाही. बाहेरच्या लायब्ररीतल्या एखाद्या क्लासशी तुमचे नाव जुळले तरी हेच घडते. ‘आंबाहिशोब’ या मॉड्यूलमध्ये सगळे ठेवले की निदान बाहेरच्यांशी टक्कर टळते. घरातली टक्कर ‘-डब्ल्यू’ पर्याय ‘मेथड रीडिफाइन्ड’ अशा सूचनेने दाखवतो.

मॉड्यूल लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्या सारख्या दिसल्या तरी सारख्या नाहीत. पहिलीत ‘मॉड्यूल आंबाहिशोब’ ही ओळ आणि तिच्या आत ‘क्लास पट्टी’ ही ओळ येते. दुसरीत एकाच ओळीत ‘क्लास आंबाहिशोब::पट्टी’ असे लिहितात. दुसरी पद्धत सुटसुटीत वाटते, पण तिच्यात दोन अडचणी आहेत. आंबाहिशोब हे मॉड्यूल आधी तयार नसेल तर ती ओळच एरर देते. आणि समजा रकमा रुपये-पैशांत मांडणारे ‘रुपये’ हे मॉड्यूल तुम्ही आंबाहिशोबच्या आत ठेवले आहे. पहिल्या पद्धतीत पट्टीच्या मेथडमध्ये नुसते ‘रुपये’ लिहिले तरी ते सापडते, कारण रूबी नाव शोधताना कोड ज्या मॉड्यूलांच्या आत प्रत्यक्ष लिहिला आहे त्यांत आतून बाहेर जात पाहते. दुसऱ्या पद्धतीत आंबाहिशोब हा स्वतंत्र टप्पा या शोधात येतच नाही, आणि ‘अनइनिशियलाइज्ड कॉन्स्टंट आंबाहिशोब::पट्टी::रुपये’ अशी एरर मिळते. ती वाचणारा मग पट्टीच्या आत रुपये का शोधले गेले या विचारात अडकतो. तुमच्या दुसऱ्या स्क्रीनशॉटमधली एरर हीच आहे. दोन ओळी जास्त लागल्या तरी पहिलीच पद्धत वापरा.

एकच क्लास दोन फाइलींत वाटण्याची कल्पनाही तुम्ही मांडली आहे: वाहतुकीचा हिशोब एका फाइलमध्ये आणि तिची छपाई दुसऱ्या फाइलमध्ये. रूबीत हे शक्य आहे, तरी मी ते टाळतो. हिशोबाच्या फाइलमध्ये वाहतूक हा क्लास वजावटीपासून बनलेला आहे आणि छपाईच्या फाइलमध्ये नुसते ‘क्लास वाहतूक’ आहे. छपाईची फाइल आधी लोड झाली, तर वाहतूक हा वजावटीशी संबंध नसलेला क्लास म्हणून तयार होतो आणि नंतर हिशोबाची फाइल आली की ‘सुपरक्लास मिसमॅच’ अशी एरर येते. छपाई हे वेगळे काम असेल तर त्यासाठी ‘पट्टीछपाई’ असा वेगळा क्लास करा आणि त्याला पट्टीचा ऑब्जेक्ट द्या. एखादे नाव नेमके कोणत्या फाइलमध्ये तयार झाले याचा संशय आला, तर रूबी २.७ पासून ‘कॉन्स्ट_सोर्स_लोकेशन’ ही मेथड फाइल आणि ओळ दोन्ही सांगते. अशा गोंधळात तर्क लढवत बसण्यापेक्षा तिला विचारणे बरे.

फोल्डरांची मांडणी जेम लिहिणारे वापरतात तीच घ्या. ‘लिब’ या फोल्डरमध्ये सर्वांत वर एकच फाइल, ‘आंबा_हिशोब.आरबी’, आणि तिच्याशेजारी त्याच नावाचे फोल्डर, ज्यात प्रत्येक क्लासची फाइल. वरची फाइल म्हणजे दार. बाहेरच्या कोणत्याही स्क्रिप्टने फक्त तीच मागायची. तिच्यात साधारण इतकेच असावे:

रिक्वायर_रिलेटिव्ह "आंबा_हिशोब/रुपये"
रिक्वायर_रिलेटिव्ह "आंबा_हिशोब/वजावट"
रिक्वायर_रिलेटिव्ह "आंबा_हिशोब/हमाली"
रिक्वायर_रिलेटिव्ह "आंबा_हिशोब/वाहतूक"
रिक्वायर_रिलेटिव्ह "आंबा_हिशोब/पेटी"
रिक्वायर_रिलेटिव्ह "आंबा_हिशोब/पट्टी"
रिक्वायर_रिलेटिव्ह "आंबा_हिशोब/बागायतदार"

याखेरीज हमाली आणि वाहतूक या फाइलींनी आपापल्या माथ्यावर वजावटीची फाइलही मागावी, कारण ती त्यांना लोड होतानाच लागते. एकदा आलेली फाइल पुन्हा चालत नसल्यामुळे या दुहेरी मागणीने नुकसान होत नाही. उलट, यादीतला क्रम कोणी अजाणता बदलला तरी काही अडत नाही. ही यादी हाताने लिहिण्याऐवजी फोल्डरमधल्या सगळ्या फाइली एका लूपने मागवण्याचा मोह होईल. रूबी ३.० पासून ‘डिर.ग्लॉब’ फाइली नावांच्या क्रमाने देते, त्यापूर्वी तो क्रम फाइल सिस्टिमवर सोडलेला असे. पण नावांचा क्रमही उपयोगाचा नाही, कारण रोमन लिपीत हमाली आणि वाहतूक दोन्ही वजावटीच्या आधी येतात. सात-आठ ओळींची यादी वाचणाऱ्याला प्रोग्रॅमचा नकाशा देते, तो लूपने पुसू नये.

‘लिब’मधल्या फाइली लोड होताना नुसती नावे तयार व्हावीत, सीएसव्ही वाचणे, छापणे, प्रश्न विचारणे असले कोणतेही काम तिथे होऊ नये. ते काम ‘बिन’ फोल्डरमधल्या स्क्रिप्टचे. तसेच, मूळ फाइलच्या माथ्यावर तुम्ही ‘हंगाम’ आणि ‘गाडीभाडे’ अशी साधी व्हेरिएबल ठेवली होती. ती आता दुसऱ्या फाइलींना दिसणार नाहीत, कारण लोकल व्हेरिएबल फाइलची हद्द ओलांडत नाही. त्यांच्यापुढे डॉलरचे चिन्ह लावून ती ग्लोबल करू नका. हंगाम पट्टी तयार करताना द्या आणि गाडीभाडे वाहतुकीला द्या. आणि ‘लिब’मध्ये थेट ‘सीएसव्ही.आरबी’ नावाची फाइल ठेवू नका. ‘लिब’ लोड पाथमध्ये पुढे असले की ‘रिक्वायर "सीएसव्ही"’ म्हटल्यावर खऱ्या लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल येईल.

प्रत्येक क्लासला वेगळी फाइल हवीच असे नाही. दोन ओळींचे एरर क्लास एकत्र राहू शकतात. फक्त पट्टीच्या आत वापरला जाणारा एखादा छोटा क्लास पट्टीच्याच फाइलमध्ये शोभतो. दुसऱ्या कोणत्याही फाइलमध्ये एखाद्या क्लासचे नाव येऊ लागले की त्याला स्वतःची फाइल द्यावी, हा माझा निकष आहे. ‘इतर’ किंवा ‘मदतनीस’ अशा नावाचे फोल्डर मात्र काढू नका, कारण कुठे बसेना तो क्लास तिथे जाऊन पडतो आणि नंतर सापडत नाही.

तुम्ही झाइटवर्क या जेमबद्दलही विचारले आहे. झेवियर नोरिया यांनी लिहिलेले हे जेम २०१९ मध्ये रेल्स या रूबीतल्या वेब फ्रेमवर्कच्या ६ व्या आवृत्तीसोबत आले. फाइलच्या नावावरून क्लासचे नाव ओळखून, ते नाव प्रथम लागेल तेव्हा फाइल लोड करण्याचे काम ते रूबीच्याच ‘ऑटोलोड’ या सोयीवर उभे राहून करते. त्यासाठी नाव आणि जागा यांची शिस्त काटेकोर पाळावी लागते: ‘पट्टी_छपाई.आरबी’ या फाइलने पट्टीछपाई हाच कॉन्स्टंट तयार केला पाहिजे, वेगवेगळे एरर क्लास एका फाइलमध्ये एकत्र ठेवता येत नाहीत, आणि ‘जीएसटी’सारखे सगळी कॅपिटल अक्षरे असलेले नाव झाइटवर्कला वेगळे सांगावे लागते. रेल्समध्ये काम करणार असाल तर ते असतेच, आणि तिथे सर्व्हरवर टाकण्यापूर्वी ‘झाइटवर्क:चेक’ ही आज्ञा चालवण्याची सवय लावून घ्या. तुमच्या सध्याच्या प्रोग्रॅमला मात्र मी ते सुचवणार नाही. फाइली मोजक्या आहेत, आणि ऐन मे महिन्यात शेडमधला लॅपटॉप बदलावा लागला आणि नेट नसले, तर कमीत कमी जेमवर चालणारा प्रोग्रॅम तुमच्या कामाला येईल. नावे आणि फोल्डर वर सांगितल्याप्रमाणे ठेवलीत तर पुढे झाइटवर्ककडे जाणे फारसे अवघड नाही. बहुतांशी दाराच्या फाइलमधली यादी आणि माथ्यावरच्या मागण्या काढाव्या लागतील.

प्रत्यक्ष काम करताना सगळे क्लास एका दमात हलवू नका. जुनी एकत्र फाइल परत घ्या आणि ज्याला दुसऱ्या कोणाचीच गरज नाही तो भाग, म्हणजे रुपये, आधी बाहेर काढा. मग वजावट, मग तिच्यापासून बनलेले दोन क्लास, मग पेटी, पट्टी आणि शेवटी बागायतदार. दर वेळी मागच्या हंगामातल्या एखाद्या खऱ्या पट्टीवर दोन्ही स्क्रिप्ट चालवून रक्कम तीच येते का ते पाहा आणि मगच गिटमध्ये नोंद करा. सगळे झाल्यावर ‘लिब’मधली प्रत्येक फाइल एकेकटी, दुसरे काहीही न मागता, ‘-डब्ल्यू’ पर्यायाने लोड करून बघा. जी फाइल एकटी लोड होत नाही, तिच्या माथ्यावर एखादी मागणी लिहायची राहिलेली असते.